सहा वीसच्या गाडीला शून्य माणसं

आमच्या वाडीत येणारी एसटी मी घालवली, असं मधले काही दिवस लोक म्हणत होते. माझं म्हणणं एवढंच आहे, की मी गाडी घालवायला गेलोच नव्हतो. मी शिकायला गेलो होतो. बावन्नाव्या वर्षी एखादा माणूस वही-पेन घेऊन शिकायला बसला तर चार लोकांनी त्याचं कौतुक करावं, निदान गप्प तरी बसावं. पण आमच्याकडे गप्प बसण्याची पद्धत नाही.

मी सत्यवान कोचरेकर, रस्त्यांच्या खात्यात अभियंता. अठ्ठावीस वर्षांत मी मुख्यतः मोऱ्या बांधल्या. रस्त्याखालून पावसाचं पाणी पलीकडे जायला बांधतात ती मोरी, न्हाणीतली नव्हे. आंबोलीच्या घाटापासून तोंडवलीच्या किनाऱ्यापर्यंत माझ्या दोनशे अकरा मोऱ्या आहेत आणि त्यातली एकही आजवर तुंबलेली नाही. हे कुणी आपणहून म्हणत नाही, म्हणून मला म्हणावं लागतं. बदलीच्या गावांत वर्षानुवर्षं खोल्या घेऊन राहिल्यावर गेल्या साली मी तोंडवलीला घरी आलो. बायको संचिता इथंच होती. ती कणकवलीच्या कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळते. आता दोघं मिळून सुखानं राहू असा विचार करतो न करतो तोच वरून परिपत्रक आलं.

परिपत्रकात म्हटलं होतं की प्रत्येक अभियंत्यानं वाहतूक अभियांत्रिकी आणि स्मार्ट शहर तंत्रज्ञान या विषयात चाळीस तासांचं शिक्षण घ्यावं. शेवटी प्रोजेक्ट, तोंडी परीक्षा आणि प्रमाणपत्र. प्रमाणपत्र नसेल त्याच्या बढतीचा विचार होणार नाही. आमच्या वाडीत सिग्नल सोडाच, रस्त्यावर साधा पांढरा पट्टा नाही. पण परिपत्रकाला हे कोण सांगणार? माझ्या शेजारच्या टेबलावर कौस्तुभ नावाचा एकोणतीस वर्षांचा अभियंता बसतो. त्याच्याकडे अशी अकरा प्रमाणपत्रं होती. त्यानं ती चौकटीत घालून खुर्चीमागे टांगली होती. कामासाठी आलेली माणसं त्याला डॉक्टर समजून गुडघेदुखी सांगत. माझ्यामागच्या भिंतीवर कॅलेंडर होतं, आणि तेही गेल्या वर्षीचं. मी त्याच संध्याकाळी नाव नोंदवलं.

शिकवायला नम्रता मॅडम होत्या. त्या दूरच्या कुठल्याशा मोठ्या संस्थेत होत्या आणि रोज संध्याकाळी साडेसातला माझ्या पडवीतल्या लॅपटॉपवर येत. पहिल्या तासाला मी नाक मुरडूनच बसलो होतो. आणि काय सांगू, तिसऱ्या तासाला मी वेडा झालो. बस जवळ आली की सिग्नल स्वतःहून हिरवा होतो. पूल आपल्यावरून किती वजन गेलं ते स्वतः सांगतो. रस्त्यावर माणसं कुठं थांबतात, किती थांबतात, कंटाळून कधी रिक्षा करतात, याचा एक नकाशा असतो आणि तो दर मिनिटाला बदलतो. अठ्ठावीस वर्षं मी रस्त्याखालून पाणी कसं जाईल याचा विचार केला. वरून माणूस कसा जातो याचा विचार करणारं एवढं सुंदर शास्त्र आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी वहीत समास आखून लिहून घ्यायचो. वर्गातली बाकीची मुलं माझ्या मुलांच्या वयाची, आणि मॅडमना शंका विचारणारा मी एकटाच. मॅडमही कधी कंटाळल्या नाहीत. 'कोचरेकरांनी चांगला प्रश्न विचारला' हे वाक्य त्या आठवड्यातून दोनदा तरी म्हणत, आणि मी ते मोठ्या आवाजात ठेवून संचिताला ऐकवत असे.

सिग्नल बसला ओळखतो हे मी तिला बांगडे साफ करताना सांगितलं. ती म्हणाली, आमची गाडी हॉर्न मारते, आम्ही तिला ओळखतो. मी म्हटलं, हे तुझ्या लक्षात यायचं नाही. हे वाक्य पुढं मला फार महाग पडलं.

प्रोजेक्ट असा होता: सार्वजनिक वाहतुकीचं कुठलंही एक ठिकाण निवडायचं आणि तिथं माणसांची गरज किती आहे ते कॅमेऱ्यानं मोजायचं. मी आमचा उंडीकडचा थांबा निवडला. उंडीचं जुनं मोठं झाड आहे, त्याखाली सिमेंटचा बाक आहे, बाजूला रफीकचं दुकान. रोज सकाळी सहा वीसला कणकवलीची गाडी मोठा रस्ता सोडून तीन किलोमीटर आत वळते, या झाडाशी येते आणि माणसं घेऊन परत जाते. कणकवलीला कॉलेज, बाजार, कोर्ट, रेल्वे, दवाखाने, सगळं आहे. आणि तिकडे थेट नेणारी आम्हाला ही एकच गाडी. ही गाडी गेली तर मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जावं लागेल.

कॅमेरा बसवायचा म्हणजे खांब हवा. थांब्याकडे खांब होता. खांब वीजवाल्यांचा, जमीन ग्रामपंचायतीची, खांबावर सावली पडते ते झाड देवस्थानाचं, आणि वीज रफीकच्या दुकानातून. चौघांची परवानगी घ्यायची म्हणून मी चार अर्ज केले. वीजवाल्यांनी विचारलं, देवस्थानाची हरकत नाही ना? देवस्थानानं विचारलं, पंचायतीचं म्हणणं काय? पंचायत म्हणाली, आधी वीजवाल्यांचं आणा. मी स्वतः सरकारी माणूस, त्यामुळे मला या पद्धतीबद्दल आदरच आहे. पण ती आपल्यावर चालवली जाते तेव्हा त्रास होतो. शेवटी रफीकनं आपल्या दुकानाच्या पत्र्याला कॅमेरा लावायला दिला आणि चारही अर्ज आजतागायत विचाराधीन आहेत.

सल्ल्यांना तोटा नव्हता. दाजींनी तर निक्षून सांगितलं, की देवाला सांगितल्याशिवाय कॅमेरा चालू करशील तर तो चालायचा नाही. दाजी म्हणजे आमच्या वाडीतले सगळ्यात जुने. मी चड्डीत होतो तेव्हापासून त्यांचा ओरडा खात आलोय. नारळ ठेवून त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो जो कॅमेरो लेकरान बसवल्यान आसा, तेची नजर लहान-थोर सगळ्यांवर सारकी ऱ्हवांदे." आम्ही सगळे म्हणालो, व्हय म्हाराजा. पुढं जे झालं ते बघता देवानं गाऱ्हाणं शब्दशः ऐकलं असं म्हणायला हवं. कॅमेऱ्याची नजर खरोखरच सगळ्यांवर सारखी राहिली. त्यानं कुणालाच मोजलं नाही.

पण ते नंतर. आधी मी यंत्र कसं लावलं ते सांगतो, कारण त्यातच सगळं आहे. गाडीतून उतरणारी माणसं मोजणीत मिसळू नयेत म्हणून गाडी यायच्या पाच मिनिटं आधी, बरोबर सहा पंधराला, कॅमेरा एक फोटो काढी. यंत्र त्यातली माणसं मोजून आकडा थेट संस्थेकडे पाठवी. विद्यार्थ्यानं ढवळाढवळ करू नये म्हणून आकडा मला दिसत नसे. मला सातला उठल्यावर फक्त फोटो दिसे आणि खाली प्रश्न असे: 'फोटोत प्रवाशांची रांग दिसते का?' मी चहा घेत फोटो बघायचो. पहिली वजीराचाची, म्हणजे रफीकची आई, कणकवलीच्या बाजारात सुकी मासळी विकते. तिच्यामागे दाजी. मग ओमकार हवालदार, कोर्टाच्या ड्यूटीवर जाणारे. मग नर्सिंगला जाणारी सलोनी, मग वरच्या घरातले दोघं. रांग कशी भरगच्च. मी 'हो' वर खूण करायचो आणि दुसरा चहा घ्यायचो. असं मी एकवीस दिवस केलं.

पहिल्याच दिवशी एक छोटी भानगड झाली होती, पण मी ती मनावर घेतली नाही. यंत्रासोबत एक सोय फुकट मिळाली होती: बेवारस वस्तू दिसली की ते पोलिसांना कळवी. नोंदणीत मी ओमकार हवालदारांचा नंबर दिला होता. त्या सकाळी हवालदार घरी दाढी करत असताना त्यांच्या फोनवर उंडीकडून एकतीस बेवारस वस्तूंची खबर आली. अर्ध्या दाढीनिशी ते धावत आले. झाडाखाली एकतीस पिशव्या ओळीनं उभ्या होत्या आणि जवळ चिटपाखरू नव्हतं.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. आमच्याकडे रांगेत माणूस उभा राहत नाही, पिशवी उभी राहते. पहाटे साडेपाचपासून एकेक जण येतो, आपली पिशवी, छत्री, नाहीतर टोपली ओळीत ठेवतो आणि घरी परत जातो. गाडी मोठ्या रस्त्यावरून वळताना हॉर्न मारते. तो वाडीभर ऐकू येतो. हॉर्न झाला की सगळे निघतात आणि गाडी झाडाशी पोचेपर्यंत प्रत्येक जण आपल्या पिशवीमागे उभा असतो. हे माझ्या आजोबांच्या वेळेपासून चालू आहे. हवालदारांनी एकतीसही पिशव्यांची पाहणी केली. ही वजीराचाचीची, ही दाजींची, तिसरी त्यांची स्वतःची. 'संशयास्पद काही आढळले नाही' असं डायरीत लिहून ते त्याच गाडीनं कोर्टात गेले. संध्याकाळी मला म्हणाले, तुझा तो यंत्र येडो आसा. मी ती बेवारस वस्तूंची सोय बंद करून टाकली आणि विषय संपला असं समजलो.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मी त्या फोटोत वजीराचाचीची निळी टोपली बघत होतो आणि मला वजीराचाची दिसत होती. दाजींची मुठीला दोरा बांधलेली छत्री बघत होतो आणि दाजी दिसत होते. एकवीस दिवसांत एकदाही मला वाटलं नाही की इथं माणूस नाही. आणि यंत्र बिचारं तिकडे एकवीस वेळा प्रामाणिकपणे लिहीत होतं: प्रवासी, शून्य.

बाविसाव्या दिवशी पंचायतीत पत्र आलं. संस्थेनं प्रोजेक्टचे आकडे वाहतूक कार्यालयाला द्यायचे असं ठरलेलं होतं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या कामाचा खऱ्या कामाला उपयोग होईल. ही कल्पना पहिल्या आठवड्यात मला फारच आवडली होती. कार्यालयानं उपयोग केला. तिकिटावर भाड्याच्या टप्प्याचं नाव येतं, थांब्याचं नाही. त्यामुळे उंडीकडे नेमकं कोण चढतं हे त्यांना आजवर कळत नव्हतं. आता कळलं. कोणीच नाही. सबब येत्या एक तारखेपासून सहा वीसची गाडी आत न वळता मोठ्या रस्त्यानं सरळ जाईल. खाली आधार म्हणून छापलं होतं: श्री. सत्यवान कोचरेकर यांचा अभ्यास.

मला वाटलं, लोक दारात येऊन शिव्या घालतील. मी त्याची तयारीही केली होती, खुलासा चार मुद्द्यांत लिहून ठेवला होता. कुणी आलं नाही. त्यापेक्षा वाईट झालं. लोक माझ्याशी शुद्ध मराठी बोलायला लागले.

हे किती लागतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. आम्ही मालवणी माणसं घरात, बाजारात, भांडणात, लग्नात मालवणी बोलतो; शुद्ध मराठी फक्त ऑफिसात काढतो, साहेबासमोर. दाजी, ज्यांनी मला पन्नास वर्षं 'मेल्या' शिवाय हाक मारली नव्हती, ते रस्त्यात थांबून हात जोडून म्हणाले, "नमस्कार कोचरेकर साहेब. आपली प्रकृती बरी आहे ना?" मला तिथंच रडू यायचं बाकी होतं. रफीकनं विचारलं, साहेबांना साखर किती हवी आहे? वजीराचाची, जिच्या घरी मी लहानपणी ईदची शेवयांची खीर दोनदा मागून खायचो, ती मला बघून टोपली खाली ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, या साहेब. घरी आलो तर संचिता म्हणाली, "पान वाढलं आहे. आपण जेवून घ्यावे."

चूक कुठं झाली ते आता मला कळलं होतं, आणि ती सुधारायची असंही मी ठरवलं. एक तारखेला आठ दिवस होते. मी घरोघरी जाऊन विनंती केली, की उद्या सकाळी सहा पंधराला पिशव्या नकोत, सगळ्यांनी स्वतः येऊन झाडाखाली उभं राहा. वजीराचाची म्हणाली, साहेब, हे बरं होणार नाही. पण तिनं कारण सांगितलं नाही, आणि साहेब झाल्यावर आपण तरी कुणाचं ऐकतो?

दुसऱ्या दिवशी वाडी लोटली. जायचं होतं ते आले, पोचवायला घरचे आले, गाडी वाचवायला शेजारच्या वाडीतून बायका आल्या, कॅमेऱ्यात यायचं म्हणून एक माहेरवाशीण पैठणी नेसून आली. आणि उभं कसं राहायचं ते कुणालाच येईना. पिशव्यांच्या रांगेत आजवर एकदाही भांडण झालं नव्हतं. त्या दिवशी पाच मिनिटांत सात झाली. वरच्या घरातले दोघं सख्खे चुलतभाऊ. बांधावरून आठ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. त्यांच्या पिशव्या मात्र आठ वर्षं रोज खेटून उभ्या असत. आता माणसं खेटून उभी करायची वेळ आली तेव्हा एक म्हणाला, मी ह्याच्या मागे राहणार नाही. दुसरा म्हणाला, मी ह्याला पुढे जाऊ देणार नाही. गाडी आली तेव्हा दोघं ड्रायव्हरला न्याय मागत होते. गाडी चौदा मिनिटं उशिरा सुटली. अर्ध्या वाडीचे डबे झाले नाहीत. माझाही झाला नाही. आणि यंत्रानं मोजलं: प्रवासी, चौऱ्याण्णव.

दोन दिवसांत दुसरं पत्र आलं, या वेळी थेट माझ्या नावानं. एकवीस दिवस शून्य असलेली संख्या एका सकाळी चौऱ्याण्णव कशी झाली? गाडीच्या आसनांपेक्षा दुप्पट माणसं आली कुठून? आकडेवारीत फेरफार झाल्याचा संशय असून तोंडी परीक्षेच्या वेळीच खुलासा करावा, वाहतूक कार्यालयाचे अधिकारीही उपस्थित राहतील. तोवर प्रमाणपत्र राखून ठेवण्यात येत आहे. कौस्तुभनं पत्र वाचलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. अकरा प्रमाणपत्रांच्या माणसानं खांद्यावर हात ठेवणं हा अपमान मी अजून विसरलेलो नाही.

परीक्षा रफीकच्या दुकानातून द्यायची ठरली, कारण नेट तिथंच टिकतं. पिठाच्या डब्यावर लॅपटॉप, समोर मी इस्त्रीच्या शर्टात, मागे मिरच्यांची पोती. लॅपटॉपवर एका चौकोनात नम्रता मॅडम, दुसऱ्यात अधिकारी. वजीराचाची कोपऱ्यात सुक्या कोलंबीचे सोडे निवडत बसली होती. दुकान तिचं, तिला ऊठ म्हणणारा मी कोण?

मॅडमनी पहिल्या दिवसाचा फोटो पडद्यावर लावला. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, दुखावलेला होता, आणि तेच मला झोंबलं. "कोचरेकर, या फोटोत एकही माणूस नाही. तुम्ही एकवीस दिवस रांग दिसते म्हणून खूण केलीत. तुम्हाला इथं नेमकं काय दिसतं?"

मी चार मुद्द्यांचा खुलासा काढला, चष्मा लावला, आणि समोरच्या फोटोकडे बघितलं. मग तो कागद मी घडी करून खिशात घातला. म्हटलं, मॅडम, माणसं आहेत. मी दाखवतो. ही निळी टोपली म्हणजे वजीराचाची. ही दोरा बांधलेली छत्री म्हणजे दाजी, ते मंगळवारी आणि शुक्रवारी रक्तदाब तपासायला जातात. ही खाकी पिशवी ओमकार हवालदारांची. ही सलोनी, पुढच्या वर्षी नर्स होईल. हे दोन चुलतभाऊ, बोलत नाहीत. मी एकामागून एक तीस माणसं सांगितली. ती कुठं उतरतात, कधी परततात, तेही सांगितलं. अधिकारी लिहून घेत होते. एकतिसावी जांभळी कापडी पिशवी राहिली. ती माझ्या ओळखीची नव्हती.

"ही कोणाची?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

मी म्हटलं, चौकशी करून कळवतो. कोपऱ्यातून वजीराचाची, मान वर न करता, स्वच्छ मराठीत म्हणाली, "ती साहेबांच्या पत्नीची आहे. सहा वर्षं तिथंच असते."

ती पिशवी माझ्याच खात्यानं रस्ता सुरक्षा सप्ताहात वाटलेली. संचिता ती उलटी करून वापरते, कारण बाहेरून माझ्या साहेबांचा फोटो आहे. मला वाटलं पिठाच्या डब्यात उडी घ्यावी.

मॅडमनी विचारलं, की या आजींना जवळ बोलावता का. वजीराचाची ओढणी सारखी करून पुढे आली. पिशवी ठेवून लोक परत घरी का जातात, असं मॅडमनी विचारलं. तिनं सांगितलं, की तेवढ्या वेळात खूप काही होतं. सलोनी आजीचं अंथरूण बदलते. दाजी गुरांना पाणी दाखवतात. हवालदार दाढी करतात. "आणि साहेबांच्या पत्नी साडेपाचला पिशवी ठेवून जातात, त्या साहेबांचा डबा करायला. साहेब सातला उठतात." अधिकाऱ्यांना खोकला आला. मग तिनं रांगेचे नियम सांगितले. वाऱ्यानं पिशवी पडली तर शेजारच्या पिशवीवाल्यानं उभी करायची. क्ष-किरणाच्या फोटोचं मोठं पाकीट आलं तर ते कधीही येवो, सगळ्यांच्या पुढे ठेवायचं. कोण आजारी ते विचारायचं नाही. पिशवी आहे आणि माणूस आला नाही तर गाडी थांबवून एकानं त्याच्या घरी बघून यायचं. दोन वर्षांपूर्वी असंच बघायला गेले म्हणून वरच्या घरातली काकी वाचली, ती घरात पडली होती.

मी ऐकत बसलो होतो. चाळीस तास मी जे शास्त्र डोळे विस्फारून शिकलो होतो ते ही बाई सोडे निवडता निवडता सांगत होती. आणि मी रोज चहा घेत त्यावर खूण करत होतो.

मॅडमनी पडद्यावरचा फोटो मोठा केला. मग म्हणाल्या, "आमच्या विषयात सगळ्यात अवघड गोष्ट असते ती प्रवाशाचा थांब्यावर वाया जाणारा वेळ. तो पाच मिनिटांनी कमी करायला आम्ही मोठमोठ्या शहरांत वर्षं घालवतो. कोचरेकर, तुमच्या यंत्रानं शून्य लिहिलं ते चुकीचं नाही. ते माणसांचं नाही, वाया जाणाऱ्या वेळाचं आहे. इथं तो शून्य आहे."

अधिकारी भला माणूस होता. त्यानं लिहून घेतलेली सगळी नावं टप्प्याच्या तिकिटांशी आणि पासांशी ताडून बघतो म्हणून सांगितलं, आणि चार दिवसांत खरोखर बघितली. जुळली. एक तारखेला सहा वीसची गाडी हॉर्न मारून आत वळली. मॅडमनी यंत्राला पिशव्या ओळखायला शिकवलं. एकेका पिशवीपुढे नाव वजीराचाचीनं सांगितलं. बंद केलेली बेवारस वस्तूंची सोयही त्यांनी पुन्हा चालू केली. आता ओळखीची पिशवी म्हणजे प्रवासी, आणि अनोळखी असेल तरच खबर. माझा प्रोजेक्ट पहिला आला. वाडीनं मात्र माझ्याशी शुद्ध मराठीच चालू ठेवली. गाडी वाचली होती, पण चौदा मिनिटांचा उशीर आणि वाडीभर न झालेले डबे लोक विसरले नव्हते.

प्रमाणपत्र वाटायचा कार्यक्रम कणकवलीला सकाळी नऊला होता. मी साडेपाचला उठलो. संचिताला म्हटलं, तू झोप, आज मी तुझी पिशवी ठेवतो आणि डबाही मीच करतो. तिनं कूस बदलली. मी तिची जांभळी पिशवी तिच्या जागेवर ठेवली, माझी काळी लॅपटॉपची बॅग शेवटी ठेवली, आणि घरी येऊन पोह्यांना फोडणी घातली. फोडणीत मोहरी आहे की मिरी हे बघत होतो, तेवढ्यात हॉर्न झाला.

झाऱ्यासकट धावत गेलो. गाडी झाडाशी उभी, माणसं आपापल्या पिशव्या घेऊन दाराशी, आणि माझी बॅग एकटीच. तिच्याभोवती चार हात मोकळी जागा सोडून ओमकार हवालदार फोन धरून उभे होते. ते म्हणाले, "साहेब, यंत्राने या वस्तूला ओळखलेले नाही. ही आपली आहे का?" मी म्हटलं, माझीच. ते म्हणाले, यापूर्वी आपण ही कधी रांगेत ठेवली होती का? गाडीतल्या सगळ्यांसमोर मला सांगावं लागलं, की नाही. वाहतुकीच्या अभ्यासात पहिला आलेला मी, रोज आपल्या स्कूटरनं ऑफिसला जाणारा, या गाडीत जन्मात बसलो नव्हतो.

वजीराचाची गाडीच्या पायरीवर चढलेली होती. ती खाली उतरली, आली, माझी बॅग उचलली आणि माझ्या हातातला झारा बघितला.

"रे सत्या," ती म्हणाली, "नवी पिशी रांगेत ठेवची झाली तर आदी माका दाखवची असता, इतक्या तुका ठावक नाय? आणि ता काय हाडलंस हातात?" मग ती हवालदारांकडे वळली. "ओमकारा, लिव रे. आमची आसा ती."

हवालदारांनी लिहिलं. मी चढलो तेव्हा बसायला जागा नव्हती. माझ्याआधीच पोचलेली संचिता खिडकीशी बसून तोंडाला पदर लावून हसत होती. दाजींनी विचारलं, मेल्या, गॅस बंद केलंस काय? मी केला नव्हता. गाडी परत वळवावी लागली, आणि कणकवली येईपर्यंत अख्खी गाडी माझ्याशी मालवणीत भांडत होती.